निळ्या मिन्याचा दिवा

तो पहिल्यांदा आमच्या मिनाकामाच्या दुकानात आला तेव्हा बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि याच्या बाहीतून टपटप पाणी गळत होतं.

"अहो, फरशी आत्ताच पुसलीय," मी म्हटलं.

"चुकलं... माझा दिवा बघायला आलो होतो."

"तुमचा? तो तर तान मावशींचा. स्वतःच्या बांगड्या आटवून करायला दिलाय त्यांनी, मुलाच्या नावाने बुद्धाच्या देवळात ठेवायला. तो बिचारा कालव्यात बुडून..." माझी नजर त्याच्या गळत्या बाहीवर गेली.

"तोच मी. खाइयुआन." तो ओशाळून हसला. "घाबरू नका हं. मलाही अजून सवय झालेली नाही."

घाबरले तर होतेच. पण मेल्याचं हसू इतकं गोड असावं?

मग तो रोज यायचा, बाबा जेवून आडवे झाले की. मी चांदीच्या तारांनी आखलेल्या कमळात निळ्या मिन्याची, म्हणजे काचेची, ओली पूड भरत बसायची, आणि तो टक लावून बघायचा.

"दिव्याकडे बघा," मी म्हणायची.

"बघतोच आहे की."

"मी दिवा आहे होय?"

"चटका तर तसाच बसतो..."

माझे कान तापायचे आणि मानेवरून गार वारा जायचा, दोन्ही एकदमच. भिंतीवर सावली मात्र माझी एकटीचीच.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला सगळे आपापल्या मेलेल्यांसाठी दिवे लावतात. हा दिवा लागला की आपण जाणार, असं त्यानेच सांगितलं होतं. मग मी काय करावं? पूड भरण्याआधी चांदी आलुबुखाराच्या आंबट पाण्यात उकळावी लागते, नाहीतर मिना धरत नाही. ते मी मुद्दाम टाळू लागले. भट्टीतून काढलं की निळे टवके उडायचे.

"हात बिघडला का गं तुझा, रुइझू?" बाबा कपाळाला हात लावायचे. मी परत पूड कालवायला घ्यायची.

पण खाइयुआन दिवसेंदिवस जास्तच भिजलेला येऊ लागला. बोटं पांढरीफटक, केसांत शेवाळ. एकदा तान मावशी चौकशीला आल्या आणि नेमक्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना तो दिसला नाही. त्या गेल्यावर त्याने मला विचारलं, "या कोण होत्या?"

माझ्यापायी हा आपल्या आईला विसरत चालला होता.

त्याच दुपारी मी आलुबुखार उकळायला ठेवले.

वास आला तसा तो हळूच म्हणाला, "इतके दिवस हा वास येत नव्हता. मला कळत होतं सगळं."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण मलाही जायचं नव्हतं... तुझ्यावर जीव जडलाय माझा, रुइझू."

"माझाही," मी म्हटलं, आणि कमळात पूड भरून दिवा भट्टीत ठेवला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तान मावशींनी देवळात वात पेटवली. निळं कमळ उजळलं. माझ्या शेजारचा गारवा गेला, आणि एकदम उकडायला लागलं. मला हुंदका आवरेना.

मावशींनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू का रडतेस? ओळखत होतीस का माझ्या लेकाला?"

"हो, आई," मी म्हटलं.