एकाच कसोटीचा नवरा

साताऱ्याच्या मोटारस्टँडासमोर कंदी पेढ्यांच्या दुकानात सुलोचना धुसफुसत उभी होती. लालासाहेब मामा सांगलीहून निघाले होते ते तिचं इथल्या सयाजीरावाशी ठरलेलं लग्न मोडायला. ती हट्टानं बरोबर आली होती. आणि वर पेढे! रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये म्हणे.

"सयाजीरावाला हत्तीवरनं मिरवला गड्या," दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता. "एक कसोटी खेळला, आला घरी!"

"एकच दिली तर एकच खेळणार ना!" सुलोचना ताडकन वळली. "नवव्या नंबरला पाठवलं, दोन षटकं दिली, वगळून मोकळे! कुणी जाब विचारला?"

"मीसुद्धा नाही विचारला…" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. दुकानदार चपापला, "सयाजीराव, तुम्ही?"

साखरपुड्याला मान खाली घालून तिनं ज्याचे फक्त पाय पाहिले होते, तोच! चेहरा असा असेल असं… छे, तिला राग आला होता.

"तुम्ही येणार कळलं, म्हणून पेढे घ्यायला आलो," तो हसला. "इतकं भांडायला कॉलेजात शिकवतात?"

"ते घरचंच आहे!"

तेवढ्यात पान चघळत मामा आले. एकेकाळचे नावाजलेले पैलवान.

"बरं झालं, हितंच गाठ पडली. आवं, एकदा चितपट झाला की गडी संपला. पोर न्हाई देत आमी."

"बरोबर आहे तुमचं," सयाजी खालमानेनं म्हणाला.

"काय बरोबर?" सुलोचनाचे कान तापले. "मामा, पडलेल्या पैलवानालाही पुढच्या जत्रेत जोड लावता ना तुम्ही? आणि हे तर पडलेच नव्हते. नाबाद होते!"

मामांचा हात मिशीवरच राहिला. ती सयाजीकडे वळली.

"आणि तुम्ही! तिकडं वगळलं तेव्हाही असंच म्हणालात?"

"…हो."

"मग बसा तसेच!" तिनं पदरानं डोळे पुसले. "हे रागाचं पाणी आहे. भलतं काही समजू नका."

तो तिच्याकडं बघत राहिला… मग मामांसमोर ताठ उभा राहिला.

"मामासाहेब, चुकलो. तुमचं बरोबर नाही. मला पुन्हा घेतील की नाही, ठाऊक नाही. पण ही मुलगी मला हवी. हे लग्न मी मोडू देणार नाही."

"आवाज हाय की रं तुला!" मामा पुटपुटले, आणि त्यांनी पेढे दुप्पट बांधायला सांगितले.

"आधीच का नाही बोललात?" सुलोचना अजून फणफणतच होती.

"माझ्यासाठी एवढं रागावणारं… कुणी नव्हतं."

"मी रोज रागावते," ती म्हणाली. "सवय करून घ्या."