पाव सेकंदाची सावली

बार्शीच्या सुरवसे यांच्या परसात, सीताफळाच्या झाडाशेजारी, मुरलीधर सुरवसे दुर्बिणीला हात लावून तारा शोधत होते. डोळ्यांनी नव्हे. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुर्बिणीच्या नळीला, जिथे पूर्वी डोळा लावायचं भिंग असे, तिथे आता काडेपेटीएवढा एक डबा बसवला होता. त्याला सगळे नादनेत्र म्हणत. आरशावर पडलेला ताऱ्याचा प्रकाश तो डबा मोजायचा आणि त्याचा सूर करून कानात सोडायचा. तारा जितका तेजस्वी, तितका सूर चढा. तारा कडेला सरकला की सूर मंद व्हायचा, मध्यभागी आला की भरायचा.

मुरलीधरांनी बारीक चाक अंगठ्यानं केसभर फिरवलं. सूर भरला. थोडा थरथरत होता, कारण हवेत तारे लुकलुकतात तेव्हा सूरही लुकलुकतो.

"मिळाला," ते म्हणाले.

"बघते." त्यांच्या पत्नी शालनताईंनी दुर्बिणीवरच्या पडद्यात पाहून खात्री केली. "हो, तोच. वृषभाच्या शिंगाखालचा. वरती आभाळ कसं धुतल्यासारखं आहे म्हणून सांगू! कृत्तिकासुद्धा मोजता येतायत."

"किती?"

"सहा. सातवी आहे असं वाटतंय, पण शपथेवर नाही सांगणार."

मुरलीधर हसले. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी गळती शोधायचं काम केलं होतं. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली चार फुटांवर पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. नळाचं चालतं पाणी, मीटरचं फिरतं चक्र, पाइपातून जाणारी हवा आणि खरी गळती, या प्रत्येकाचा आवाज वेगळा. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी नोकरीत असतानाच स्वतः घासून तयार केला होता. नजर गेल्यावर दुर्बीण तीन वर्षं गोणपाटात गुंडाळून पडली. मग नादनेत्र आलं आणि गोणपाट सुटलं.

आजचं काम मात्र नेहमीच्या हौसेचं नव्हतं. दीड किलोमीटर लांबीचा एक लघुग्रह पृथ्वीजवळून, जवळजवळ तिच्याच चालीनं चालला होता. त्याचं खरं नाव आकड्यांचं. वर्तमानपत्रांनी आकारावरून त्याला खारीक म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. चार माणसांचं एक यान त्याच्याकडे निघालं होतं आणि सात दिवसांनी तिथे उतरणार होतं. आज संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला खारीक त्या बिननावाच्या ताऱ्यासमोरून जाणार होती. तिची सावली बार्शीवरून जाऊन ऐंशी सेकंदांनी साठ किलोमीटरवरच्या मुरूडला पोचणार होती. म्हणून पुण्याच्या केंद्रानं दोन्ही गावांच्या परिसरात, दर दोनशे मीटरवर एक, अशा तीस-तीस हौशी निरीक्षकांच्या रांगा लावल्या होत्या. कुणाचा तारा किती वेळ विझला, यावरून खारकेचा आकार आणि तिची नेमकी वाट कळणार होती. मुरलीधर बार्शीच्या रांगेतले तेविसावे. आंधळा माणूस म्हणून आधी त्यांना राखीव ठेवलं होतं. त्यांनी केंद्राला फोन करून विचारलं, "तारा डोळ्यानं मोजणार आहात की डब्यानं?" दुसऱ्या दिवशी त्यांना क्रमांक मिळाला.

सात वाजून सेहेचाळीस मिनिटांनी सूर तुटला.

क्षणभरच. लगेच पुन्हा लागला. मुरलीधरांची पाठ ताठ झाली. त्यांनी मनात मोजायला सुरुवात केली. पाचाला पोचतात तोच सूर पुन्हा गेला, आणि या वेळी जवळजवळ दोन सेकंद कानात पूर्ण शांतता राहिली. मग तारा परत आला.

"झालं!" शालनताईंनी टाळी वाजवली. "दिसलं मला, एक पूर्णांक नऊ सेकंद. खारीक गेली आपल्या घरावरनं!"

"त्याच्या आधी एकदा तुटला."

"आधी? पडद्यावर तर नाही काही."

"पडद्यावर नसेल. मी ऐकलंय."

त्यांनी तिथूनच केंद्राला फोन लावला. डॉ. मृणाल टिपणीस ही मोहीम पाहत होत्या. त्यांच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. नोंदी भराभर येत होत्या आणि सगळे खुशीत होते.

"अभिनंदन अण्णा, तुमची नोंद फार सुरेख आहे."

"मॅडम, मोठ्या सावलीच्या पाच सेकंद आधी एक बारकी सावली गेली. पाव सेकंदाची."

"आमच्याकडे आली नाही. म्हणजे गाळणीनं काढली असणार." त्या समजावून सांगू लागल्या. नादनेत्रात एक गाळणी होती. अर्ध्या सेकंदाहून छोटा खंड पडला की तो पाखराचा, वटवाघळाचा किंवा हवेचा समजून गाळणी तो भरून काढायची, आणि पडद्यावर व केंद्राकडे स्वच्छ नोंद पाठवायची; कानात मात्र मूळ सूरच यायचा. "संध्याकाळची वेळ आहे. वाघूळ गेलं असेल दुर्बिणीसमोरून."

"वाघळाचा खंड फाटका असतो. पंख हलतात ना त्याचे. सूर दोनदा-तीनदा फडफडतो. हा कात्रीनं कापल्यासारखा होता. दोन्ही कडा सारख्या."

"अण्णा, तुमच्या डब्यातली मूळ नोंद पाठवा. मी स्वतः बघते."

अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला. आता मागचा गलका नव्हता. "खंड आहे. आणि कडा खरंच सरळ आहेत. हे जर खरं असेल, तर खारकेला एक चंद्र आहे. दोनशे मीटरचा धोंडा, तिच्यापासून चारेक किलोमीटरवर. यानाची उतरायची वाट तिथूनच जाते."

"मग सांगा त्यांना."

"एका नोंदीवर नाही सांगता येत. असा एकुलता खंड शंभरदा येतो आणि शंभरदा खोटा निघतो. एवढी बारीक सावली तुमच्या रांगेत एकट्या तुमच्यावरच पडली असणार. पुढे मुरूडच्या रांगेत तुमच्या सरळ रेषेत तेविसावं ठाणं आहे. तिथे तसाच खंड मिळाला तर प्रश्न मिटतो. पण ती नोंद बाद आहे. त्या बाईंची दुर्बीण ऐन वेळी हलली. मुख्य सावली त्यांना मिळालीच नाही."

"किती आधी हलली?"

"दोनेक सेकंद."

"आणि बारकी सावली पाच सेकंद आधी होती," मुरलीधर सावकाश म्हणाले.

मृणालबाईंना ते एका क्षणात उमगलं. "अगं बाई," त्या पुटपुटल्या. पण लगेच म्हणाल्या, "मी त्यांना मघापासून फोन करतेय. बंद आहे. निरीक्षकांच्या फोनवरच्या गटातूनही बाहेर पडल्यात. आणि डब्यातली मूळ नोंद चोवीस तासच राहते, मग आपोआप पुसली जाते. उद्या संध्याकाळी सात सत्तेचाळीसला ती गेली."

"नाव काय त्यांचं?"

"रुक्साना तांबोळी. मुरूडमध्ये शिवणकाम करतात, एवढंच माहितीय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुरलीधरांनी तो नंबर चौदा वेळा लावला. केंद्रातून माणूस निघाला, पण त्याची गाडी टेंभुर्णीजवळ बंद पडली होती. दीड वाजता त्यांनी पायात चपला घातल्या.

"कुठे निघालात?" शालनताईंनी विचारलं.

"मुरूडला. लातूरची एसटी दोनला आहे."

"तुम्हांला काय माहीत घर कुठलं? आणि त्या बाई गावातच असतील कशावरून?"

"नसतील तर परत येऊ. इथे बसून तर काहीच कळणार नाही."

शालनताईंनी गॅस बंद केला आणि पर्स उचलली. मुरलीधरांना एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता, आणि थांबवायचाही नव्हता, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

येडशीच्या फाट्यावर एसटी तासभर अडकली. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. मुरूडच्या स्टँडवर उतरले तेव्हा साडेपाच झाले होते. पहिल्या शिंप्यानं सांगितलं, तांबोळी नावाच्या कुणी नाहीत. दुसऱ्यानं विचारलं, "ब्लाउज शिवतात त्या? दुर्बीणवाल्या?" आणि वेशीपलीकडची गल्ली दाखवली.

रुक्साना तांबोळी पस्तिशीच्या होत्या. दारात अनोळखी वयस्क जोडपं पाहून त्यांनी मशीन थांबवलं. मुरलीधरांनी नाव सांगितलं, बार्शीचा तेविसावा म्हणून ओळख दिली, तशी त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण माझ्याकडे काही नाही ओ," त्या म्हणाल्या. "दोन महिने तयारी केली. गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दिवे बंद ठेवा म्हणून. आणि ऐन वेळेला शेजारची शेळी दाव्यातून सुटली आणि दुर्बिणीच्या तिवईवर आदळली. गटात सगळे आपापले सेकंद टाकत होते. माझ्या नावापुढे 'बाद' आलं. मी फोनच बंद करून टाकला."

"शेळी यायच्या आधीचं आहे ना?"

"आधीचं असून काय उपयोग?"

"मला तेवढंच पाहिजे. डबा कुठाय?"

डबा कपाटात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे होता. घड्याळात सहा पस्तीस झाले होते. रुक्सानांनी गाळणी बंद करून मूळ नोंद लावली आणि कानाला लावायची जोडी मुरलीधरांच्या हातात दिली. त्यातलं एक बोंड त्यांनी स्वतःच्या कानात घातलं.

सूर लागला. मुरूडचा तारा बार्शीच्या ताऱ्यापेक्षा थोडा जास्त थरथरत होता. हवा वेगळी, आरसा वेगळा. मुरलीधरांनी डोळे मिटले. तशी गरज नव्हती, पण कांबेला कान लावताना ते नेहमी मिटत.

सूर तुटला. लागला. एक, दोन, आणि तिसऱ्याला धाडकन आवाज होऊन सगळं विस्कटलं.

"परत लावा."

त्यांनी परत लावली. तिसऱ्यांदा लावली, तेव्हा रुक्सानांनीच हात वर केला. "तिथे! तिथे काहीतरी गेलं!"

"कडा ऐका तिच्या."

"कापल्यासारख्या आहेत," रुक्साना म्हणाल्या.

नोंद पुण्याला पोचली तेव्हा ती पुसली जायला चाळीस मिनिटं उरली होती. मृणालबाईंनी दोन्ही खंड एकाखाली एक ठेवले. लांबी तीच, आणि मुरूडच्या शेजारच्या ठाण्यांच्या वेळेवरून काढलेलं मुख्य सावलीपासूनचं अंतरही तेच. बार्शीच्या वाघळानं ऐंशी सेकंदांत मुरूडला पोचायचं म्हणजे अशक्यच होतं. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "अण्णा, मी यानाला कळवते. रुक्सानाबाई, तुमच्या नावापुढचा शब्द मी आत्ता काढलाय."

रुक्सानांनी ओढणीनं चेहरा पुसला आणि चहा टाकायला आत गेल्या.

केंद्रानं त्याच मिनिटाला उरलेल्या अठ्ठावन्न जणांना निरोप पाठवला: डब्यातली मूळ नोंद ताबडतोब पाठवा. कुणी कामावर होतं, कुणाचा डबा शाळेच्या कपाटात बंद होता, कुणी निरोप उशिरा वाचला. सात सत्तेचाळीसला डबे आपापल्या स्मृती पुसू लागले, तोवर अकरा नोंदी आल्या होत्या.

मुरलीधर आणि शालनताई त्या रात्री मुरूडलाच राहिले. सकाळी मृणालबाईंनी त्या अकरा नोंदी पाठवल्या. "यंत्रानं तपासल्यात आम्ही. तरी तुम्ही एकदा ऐका."

त्यांनी ऐकल्या. दहांमध्ये काही नव्हतं. अकरावी बार्शीच्या नवव्या ठाण्याची होती. त्या ठाण्यावरून खारकेची सावली गेलीच नव्हती. तिच्यात एक खंड होता, पाव सेकंदाहूनही आखूड. एक कड सरळ होती, दुसरी जराशी फाटकी. तिच्या रेषेतली मुरूडची नोंद पुसली गेली होती.

"वाघूळ की दुसरा चंद्र?" मृणालबाईंनी विचारलं.

मुरलीधरांनी ती सोळा वेळा ऐकली होती. होय म्हणणं सोपं होतं. कालपासून सगळे त्यांचं ऐकत होते. "मला नाही सांगता येत," ते म्हणाले. "सांगता येतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण खारकेची सावली परत कधी पडणार?"

"चार दिवसांनी. आदिलाबादच्या बाजूला, दुसऱ्या एका ताऱ्यासमोरून. पण तो तारा फार मंद आहे अण्णा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी यान उतरायचं आहे. तिथे ठाणी लावायला वेळ नाही, माणसं नाहीत."

"दोन तर आहोत." त्यांनी रुक्सानांच्या दिशेला मान वळवली. त्या मशीनशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"आहोत," रुक्साना म्हणाल्या. "गटात मी पुन्हा जाते. बाकीच्यांनाही विचारते. गाळण्या बंद करून यायचं म्हणून सांगते."

संध्याकाळपर्यंत सव्वीस जण तयार झाले होते. शालनताईंनी बार्शीहून दुर्बीण आणायला भाच्याचा टेम्पो ठरवला. आणि सातच्या सुमाराला मृणालबाईंनी यानाच्या प्रमुखांचा निरोप वाचून दाखवला. त्यांनी वाट बदलली होती. वेग मोडून ते खारकेपासून नऊशे किलोमीटरवर थांबले होते. जास्तीत जास्त पाच दिवस थांबता येणार होतं. त्यापुढे परतीचं इंधन पुरणार नव्हतं. तिथून त्यांना खारीक एका ठिपक्याएवढी दिसत होती, आणि तिच्याभोवतीचे काळे धोंडे मुळीच दिसत नव्हते. निरोप मुरलीधरांच्या नावानं होता आणि त्याच्या शेवटी एकच प्रश्न होता:

"आम्ही इथे अंधारात थांबलो आहोत. तुम्ही ऐकून सांगाल का?"