बुक्क्याच्या पाठीवरचं ओलं पोतं

या मायबाप, असे लांब नका बसू, अंगाला अंग लावून बसा. आजच्या कीर्तनात २०७१ सालची गोष्ट सांगतो.

देवणी गोवंश केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. ऋचा केंद्रे सूक्ष्मदर्शकावरून मान उचलेनात. बुक्का वळूचे शुक्राणू शेपट्या मुडपून निपचित पडले होते. मेमध्ये, अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हात, रेताच्या तपासणीत बारा वळूंत तो एकटाच उत्तीर्ण झाला. ‘उष्माजित’ असा शेरा मारून सही ऋचाबाईंनीच केली. नापास झालेले अकरा नियमाप्रमाणे खच्ची झाले. आज, जुलैच्या मध्यात, दुपारी चारला बुक्क्याची पाळी. मग देवणीचा वंशच संपणार.

“मॅडम, अठ्ठेचाळीसला पास, अन् आता एकतीसला नापास?” डॉ. तांबोळी म्हणाला. “हा वळू आहे की माझा मेहुणा?”

ऋचाबाई हसल्या नाहीत. “शुक्राणू घडायला दोन महिने लागतात. तोवर वृषणं अंगापेक्षा चार अंश गार हवीत. आजच्या उन्हाचा घाव दिसतो दोन महिन्यांनी. आपण मेमध्ये मार्च तपासला, तांबोळी!”

तांबोळीने खच्ची केलेल्यांची यादी पुढे ओढली. “म्हणजे ते अकरा...”

“गारव्यात ठेवले असते, तर सावरले असते.”

“पण मार्चमध्येही गोठा तापलेलाच होता. मग बुक्का कसा वाचला?”

हे विचारायला ऋचाबाई काशीमामींकडे गेल्या. त्यांचे मालक भुजंगमामा बुक्क्याचे राखणदार होते.

“कसलं औषध, बाई! माणशी दोनच बादल्या पाणी मिळायचं. ह्यांनी आंघोळच सोडली. रोज दुपारी पोतं भिजवून बुक्क्याच्या पाठीवर टाकायचे, मांड्यांवर पाणी मारायचे, वर अभंग! मी म्हणायची, वास मारताय, इठ्ठलाची तरी लाज धरा. कीर्तनात लोक लांब सरकायचे की.”

ऋचाबाईंची मान खाली गेली. मार्चमधल्या एकादशीच्या कीर्तनात त्याही नाकाला पदर लावून दोन ओळी मागे सरकल्या होत्या.

“मामा गेले कधी?”

“अक्षय्य तृतीयेला. दोन मे.”

बुक्क्याच्या जिवंत रेताचा शेवटचा नमुना दोन जुलैचा होता. माणूस मातीत गेला, तरी त्याचं पाणी पुढे दोन महिने वाहत होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी फोन लावला. “तांबोळी, खच्चीचा चिमटा खाली ठेव. बुक्का दोन महिने थांबेल. माझ्या दोन्ही बादल्या त्याला.”

“आणि ते अकरा, मॅडम?”

ऋचाबाईंनी फोन ठेवला आणि काशीमामींकडे ते पोतं मागितलं.

मायबाप, गजर करण्याआधी भुजंगमामांचं नाव एकदा मनात घ्या. आणि शेजारच्याच्या अंगाला घामाचा वास येत असेल, तर आज सरकू नका.