खाणीच्या पाण्यावरचं गाऱ्हाणं

मे महिन्यात समुद्रावर पाय ठेवायला जागा नसते. केरीच्या सुरूच्या बनात गाड्यांची रांग, तेरेखोलच्या फेरीबोटीला त्याहून मोठी रांग, आणि वाळू अशी तापलेली की लाह्या फुटाव्यात. दोन दिवस समुद्र करून विटलेली माणसं मग आत डिचोलीकडे वळतात. मयेचं तळं बघतात, धबधबा आटलाय म्हणून हळहळतात, आणि शेवटी कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून विचारतं, "हे निळं पाणी कुठं आहे हो?"

ते निळं पाणी म्हणजे एक बंद पडलेली खाण. माती उपसून उपसून डोंगराचं पोट रिकामं केलं, मग खाण थांबली आणि पावसानं ती भरून टाकली. तळ कुणी पाहिलेला नाही. दिसायला मात्र असं देखणं की बघणाऱ्याला कपडे काढून उडी मारावीशी वाटते. काठावर इशाऱ्याचा फलक आहे, आजवर किती जण बुडाले तेही त्यावर लिहिलंय. त्याला टेकून लोक फोटो काढतात.

त्या खाणीच्या वरच्या अंगाला महादेव आणि सरस्वतीचं घर. दोघं मूळची दोडामार्गकडची. महादेव खाणीवर टिपर चालवायचा; खाण बंद पडल्यावर त्यानं घराच्या मागं दोन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला लागला. पाहुण्यांना पाण्यावरही तोच न्यायचा. लोकांना वाटे, काय मनाचा दगड आहे हा! कारण त्यांचा एकुलता एक ओंकार याच पाण्यात गेला होता. पण महादेवाचं म्हणणं वेगळंच होतं. लोक जायचे ते जाणारच. मग बरोबर एक तरी शहाणं माणूस असावं. घोट्याच्या वर पाणी लागलं की तो असा ओरडायचा की पाहुणे पोरासारखे मुकाट बाहेर यायचे.

ओंकारला शोधायला पाणबुडे आले, गळ टाकले गेले, पण पाण्यानं काही त्याला परत दिलं नाही. महादेवानं दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. सरस्वती त्या दिवशी घरातून हलली नाही. तेव्हापासून ती रात्री दाराला कडी लावत नसे. महादेवानं लावलीच, तर तो झोपल्यावर उठून काढत असे.

अशाच एका मे महिन्यातल्या दिवशी पुण्याहून आलेलं जोडपं घरी होतं, तेजस्विनी आणि योगेश. महादेव सकाळीच जीप दुरुस्तीला तुयेला गेला होता आणि तिथंच अडकला. फोनवर म्हणाला, "मी इल्याशिवाय पावण्यांका उदकार व्हरू नको." तो येईपर्यंत त्यांना पाण्यावर न्यायचं नव्हतं, पण पाहुण्यांना संध्याकाळी निघायचं होतं, आणि योगेशनं त्या पाण्याचा ध्यासच घेतला होता. सरस्वतीला भीड पडली. तिनं न्याहारीला आणलेले पाव झाकून ठेवले, तांदळाच्या पिठाचा एक रोट भाजला, पानाचा विडा आणि विडीचं बंडल घेतलं आणि निघाली.

हे सामान राखणदाराचं. काठावर काजूच्या झाडाखाली त्याचा पाषाण आहे. जिथं आता पाणी आहे तिथं पूर्वी वाडा, म्हणजे माणसांची वस्ती होती. वाडा गेला, त्याची राखण करणारा तेवढा उरला. त्याला रोट ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा महादेवाचा नेम. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी रोखठोक बोलणं. एकानं मागायचं, बरोबरच्यांनी हुंकार भरायचा. हुंकार मिळाला की ते देवापाशी पोचलं.

"मी थांबले की तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं हां," सरस्वतीनं पाहुण्यांना शिकवलं. योगेशला हसू आवरेना. तेजस्विनीनं त्याला कोपर मारलं.

सरस्वतीनं हात जोडले. महादेवाचं गाऱ्हाणं ऐकून ऐकून तिला पाठ होतं. "आज हंयसर इलेल्या ह्या लेकरांका सांभाळ," असं तो सुरू करायचा. गाऱ्हाण्याला कुंपण लागतं. कोण, कधीचे, किती जागेतले, हे सांगावं लागतं. तो 'आज' कधी सोडत नसे. पण सरस्वतीनं डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांसमोर तिला पाहुणे दिसलेच नाहीत.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या उदकात जे जे उतारले, तेंका सगळ्यांका वर काढ... आणि घराक पावते कर..."

"व्हय म्हाराजा!" दोघं जोरात म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. जीभ घसरली की मनानंच ढकलली, देव जाणे. दुरुस्त करता आलं असतं. तिनं केलं नाही.

पाण्यावर वारा होता, तो पडला. दोघं पाय बुडवून बसली, फोटो झाले, कुणाला काही झालं नाही. फक्त एक वास सुटला. पहिल्यांदा नांगरलेल्या शेताचा असतो तसा, ओल्या मातीचा. भर उन्हात, महिनाभर थेंब न पडलेल्या डोंगरावर. परत चढताना पाहुणे पुढं होते, सरस्वती मागं. आणि तिच्याही मागं पावलं वाजत होती. पुष्कळ पावलं, दमलेली. त्यांत एक चप्पल फटफट घासत येत होती. ओंकार टाच उचलून चालत नसे, त्यावरून तिनं त्याला जन्मभर बोलणी ऐकवली होती. तिनं मान वळवली नाही. मागं बघितलं आणि कुणी नसलं तर, याचीच तिला धास्ती होती.

घरी येऊन तिनं पानं वाढली. योगेश हात धुवायला गेला आणि तेजस्विनी आत येऊन हळूच म्हणाली, "काकू... त्यांना नाही वाढायचं?"

"कोणाला गो?"

"आपल्याबरोबर वर आले ते. अंगणात उभे आहेत ना... मला वाटलं, तुमचेच शेजारी." ती जरा थांबली. "सगळे भिजलेत, काकू."

सरस्वतीनं खिडकीतून पाहिलं. अंगणात कुणीच नव्हतं. पण काल सारवलेली जमीन लाल चिखलानं माखली होती.

"आणि एक मुलगा," तेजस्विनीचा आवाज आता अगदी बारीक झाला, "तो तेवढा आत आलाय. तुमच्या मागं... दारात उभा आहे."

अशा वेळी माणूस किंकाळी फोडतं म्हणतात. सरस्वतीला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं. ती मागं वळली. रिकाम्या दारात उंबऱ्यावर पाणी निथळत होतं, बस्स. तिनं पाट मांडला, पान घेतलं, भातावर सोलकढी ओतली आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "बस रे बाबा. जेव." तेजस्विनी भिंतीला चिकटून बघत राहिली. त्या पानातला भात कुणी खाल्ला नाही, पण बघता बघता तो खाणीतल्या मातीसारखा लाल झाला.

इतक्यात बाहेरून महादेवाचा आवाज आला. तो योगेशला दंडाला धरून आणत होता. हात धुवायला गेलेला योगेश त्याला खाणीच्या उतारावर भेटला होता. अनवाणी, गुडघ्यापर्यंत ओला.

"कुणीतरी बोलावत होतं," योगेश म्हणाला. "म्हणाले... आम्ही वर आलोय, खाली पाण्यात जागा रिकामी आहे."

महादेवानं अंगण पाहिलं, उंबरा पाहिला, वाढलेलं पान पाहिलं. पाहुण्यांना त्यानं खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि बायकोपाशी आला.

"काय म्हटलंस गो तू थंय?"

तिनं सांगितलं. लपवण्यासारखं होतं काय? महादेव त्या पानासमोर खाली बसला. शिव्या देईल असं तिला वाटलं होतं, पण त्यानं त्या रिकाम्या पाटावर नुसता हात ठेवला. हाताला पाणी लागलं. 

"माझो पण झील मां तो," पोराबद्दल तो म्हणाला. "पण ह्येका ठेवलंव तर भायले पण ऱ्हवतले. आणि तेंच्या रिकाम्या जाग्यार त्या जोडप्यातलो एक जातलो. चल. परत गाऱ्हाणा घालूया. मी घालतंय, तू हुंकार दी."

उन्हं उतरताना दोघं पाषाणापाशी आली. पाणी काळं दिसत होतं. महादेवानं नवीन विडा ठेवला. कुंपण त्यानं नीट घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या उदकातसून जे कोण वर इले, तेनी आपापल्या जाग्यार परत जावचा... जित्या माणसाच्या वाटेक जावचा नाय..."

तो थांबला. आता सरस्वतीनं म्हणायचं होतं.

दोनच शब्द. तिनं ओठ उघडले. एवढी वर्षं कडी काढून ठेवली ती कशासाठी? आता आपल्याच तोंडानं त्याला जा म्हणायचं? त्या अंधाऱ्या, थंड पाण्यात? कुठल्या आईला जमलं असतं! तिनं दात घट्ट आवळले. योगेशचा चेहरा तिला आठवला, तेजस्विनीचा आठवला, तरी तिनं तोंड उघडलं नाही.

आणि तिच्या खांद्यामागून, अगदी कानापाशी, कुणीतरी म्हणालं, "व्हय... म्हाराजा."

आवाज ओला होता, पण ओंकारचाच होता. आईला अडचणीत बघून पोरगा पुढं होतो, तसा. मग चप्पल फटफट करत उताराकडं गेली, आणि पाणी एकदाच हललं.

महादेवानं सुस्कारा सोडला. "बरा केलंस गो," तो म्हणाला. "माका वाटला, तुझ्यान होवचा नाय." त्याला तो हुंकार तिचाच वाटला होता. ती पदर तोंडाशी धरून घरापर्यंत रडत आली, आणि निम्म्या वाटेवर तिला उमगलं की हुंकार एकाचाच होता. वर आलेल्या बाकीच्यांनी तोंड उघडलं नव्हतं, म्हणजे परत गेला तो एकटा ओंकार.

अंगणात पाहुण्यांची गाडी सुरू होती. दोघं आत बसली होती, काचा वर. तिला बघून तेजस्विनीनं काच जराशी खाली केली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"तो मुलगा गेला, काकू," ती कुजबुजली. "बाकीचे... बाकीचे विचारताहेत, गाडीत जागा आहे का म्हणून. घरी पोचवायचं ठरलंय, म्हणतात..."

"उतरा! खाली उतरा आधी!" सरस्वती ओरडली. पण योगेशनं तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यानं गिअर टाकला आणि गाडी चढाला लागली. मागच्या सीटवर एक बॅग होती, दुसरं काही नव्हतं. तरी गाडी मागून एवढी दबली होती की रस्त्याला घासत होती.

"व्हय म्हाराजा!" पाषाणापाशी अडवून ठेवलेला शब्द सरस्वतीच्या तोंडून आता फुटला. ती धावत गेली, पुन्हा म्हणाली, परत परत म्हणाली. गाडी तशीच दबलेली, सावकाश, वळणाआड गेली.