दोन तासांचं अंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, विमानाने दोन तास लागतात. पण घरापासून घरापर्यंत धरलं तर विमानतळ गाठा, रांगेत ताटकळा, तिकडे उतरून टॅक्सी शोधा... चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. अख्खा दिवस मोडतो. आईला मात्र मी कायम दोनच तास सांगायचो. आपला लेक दोन तासांवर आहे, एवढ्यावर तिला शांत झोप लागायची.

त्या दिवशी सकाळी एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"आई सारखं तुझंच नाव घेतेय रे. डॉक्टर म्हणाले, आता काही खरं नाही. कधी पोचशील?"

"दोन तासांत," सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं. ताईने आईच्या कानाशी जाऊन तेच मोठ्याने सांगितलं, ते मला फोनमधून ऐकू आलं.

मग जिवाच्या आकांताने धावलो. तिकीट मिळालं, विमानही वेळेवर सुटलं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. आई, थांब गं, एवढंच मनात घोकत होतो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दार उघडंच होतं. आत औषधांचा वास होता आणि पंखासुद्धा बंद. आईच्या चेहऱ्यावरून चादर ओढलेली. ताई भिंतीला टेकून बसली होती.

"गेली?"

तिने मान हलवली. मग माझ्या बॅगेकडे बघत राहिली.

"ही आणायला गेला होतास होय?"

"कुठे? ताई, मी आत्ता येतोय."

"काहीतरीच काय? सांगितल्याप्रमाणे दोन तासांत आलास की. शेवटपर्यंत तिचा हात सोडला नाहीस. केवढे गार होते तुझे हात! विचारलं तर म्हणालास, वर फार गारठा होता..."

मी तिकीट पुढे केलं. त्यावरची वेळ तिने दोनदा वाचली.

"मला वाटलं, आई भ्रमात बोलतेय..."

"काय म्हणाली?"

"तू... तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा मला जवळ बोलावलं. म्हणाली, 'हा आपला नव्हे गं. पण बसू दे त्याला. आपला पोचायला संध्याकाळ होईल.'"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं माझे दोन तास तिने मुकाट्याने ऐकून घेतले होते. मी तिथेच खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

आईचा एक हात चादरीबाहेर राहिला होता. बोटं अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. निदान आता तरी, म्हणून मी माझा हात त्यांत सरकवायला गेलो.

आत जागाच नव्हती.