खुनी सापडू नये म्हणून

"अहो, पण खून केला कुणी?"

पडद्यापलीकडून आवाज आला आणि यामिनी दचकलीच. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातलं डायलिसिस युनिट, खिडकीबाहेर जानेवारीचा बर्फ, आणि ती आईला पुस्तक वाचून दाखवत होती... व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या पोलीस डिटेक्टिव्हांच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक. नागपूरहून आलेल्या अरुणाताईंना इंग्रजी जड जायचं, म्हणून लेक वाचता वाचताच मराठीत सांगायची. मग काय, लंडनचा इन्स्पेक्टर हवालदाराला खुशाल "काऊन बे?" म्हणून दरडावायचा!

पडदा सरकला. शेजारच्या खुर्चीत शरदचंद्र होते, स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. साखरेनं त्यांची दृष्टी नेली होती.

"माझे बाबा," त्यांच्याजवळचा तरुण ओशाळून म्हणाला. "मी नंदन. सॉरी हं... आम्ही मघापासून ऐकतोय."

"चोरून?"

"पोलिसांच्या गोष्टी चोरूनच ऐकाव्यात."

यामिनीला हसू आवरेना. त्या दिवसापासून तो पडदा उघडाच राहू लागला.

नंदन टोरांटोजवळ एटोबिकोला सॉफ्टवेअरमध्ये होता. आठवड्याच्या तीन फेऱ्यांपैकी शनिवारी बाबांना तोच घेऊन यायचा. म्हणून हे पुस्तकही फक्त शनिवारचं. फेब्रुवारीत शेवटची पानं जवळ आली आणि यामिनी एकेक पान रेंगाळत वाचू लागली. खुनी सापडला की गोष्ट संपणार, मग हा कशाला थांबेल? कार पार्किंगमध्ये बसून फोनवर बोलत राहील! तिनं हळूच एक संशयित मनचा घातला. मग दुसरा. मग एक नर्स, आणि इन्स्पेक्टर बिचारा तिच्यात पुरता गुंतला.

"हा त्या नर्सची एवढी चौकशी का करतो?" नंदन विचारायचा.

"ड्यूटी आहे त्याची."

"सुट्टीच्या दिवशीही?"

यामिनी मान खाली घालून पान उलटायची. शरदचंद्र मिटल्या डोळ्यांनी हसायचे.

मार्चमध्ये एका शनिवारी शेजारच्या खुर्चीत भलतंच कुणी होतं. काका बुधवारीच गेले, नर्सनं सांगितलं.

"वाच ना गं थोडं," अरुणाताई म्हणाल्या.

"नको, आई."

खुनी कोण ते न कळताच काका गेले, आणि ते आपल्यामुळे! यामिनीनं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

दिवसकार्य उरकल्यावर नंदन नर्सेसचे आभार मानायला आला. यामिनीनं त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"पुस्तक कधीच संपलं होतं, नंदन. पुढचं सगळं मी मनचं सांगत होते. काकांना शेवट कळायला हवा होता... तो मी कळू दिला नाही."

"का लांबवलंत?"

खोटं बोलायची सोय होती. ती बोलली नाही. "तुमचं येणं थांबेल म्हणून."



"बाबांना माहीत होतं," तो म्हणाला. "लायब्ररीतून तेच पुस्तक आणायला लावलं त्यांनी. घरी मीच वाचून दाखवलं. खुनी तो डॉक्टर. नर्सबिर्स कुणी नाहीच त्यात."

"मग... बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. तर मलाच रागावले. 'गप्प बस गाढवा! पोरगी तुझ्यासाठी एवढी माणसं उभी करतेय, नीट ऐक.'" त्याचा आवाज कापला. "शेवटच्या शनिवारी त्यांना उठवत नव्हतं, यामिनी. तरी म्हणाले, 'आवर लवकर. आपण नसलो तर ती वाचेल कुणासाठी?'"

यामिनी तोंडावर ओढणी धरून रडली. काकांसाठी रडली, स्वतःसाठीही. नंदन जवळ उभा राहिला. त्याचेही डोळे वाहत होते.

"आता कुणाला घेऊन येशील तू?" तिनं विचारलं. 'तू' निघून गेलं तोंडातून. तिनं ते परत घेतलं नाही.

"कुणाला नाही," तो म्हणाला. "एकटाच येईन. तुझ्यासाठी."