पाठराखीण खचली

मानवी इच्छाशक्तीपुढे निसर्गालाही माघार घ्यावी लागते. हे वाक्य पाठराखिणीच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. खोक्याच्या आत एक पुस्तिका होती. इच्छाशक्ती साधारण चौथ्या आठवड्यात संपते आणि त्यानंतर यंत्र काय करतं, हे तिच्यात बारीक टायपात बत्तीस पानं भरून सांगितलेलं होतं.

हेमांगी झोपेनं दोन्ही वाचलं होतं. जळगावच्या जमीन मोजणी कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला बारीक टाइप वाचायची सवय असते.

पाठराखीण म्हणजे कानामागे चिकटणारं, चवळीच्या दाण्याएवढं एक यंत्र. नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात तशी ही वजन उतरवणाऱ्या माणसाबरोबर पाठवायची. ती नाडी बघायची, झोप बघायची, घास मोजायची आणि कानात बोलायची. काय बोलायचं, ते ती अनुभवातून शिकायची. ज्या वाक्यानं माणूस उठून चालायला लागला आणि सोमवारी काटा खाली आला, ते वाक्य ती जपून ठेवायची. ज्यानं गुण आला नाही ते बाद. आवाज प्रौढ बाईचा होता, जरा खर्जातला. नळावर भेटली तर आवडेल अशा बाईचा.

हेमांगीनं हे यंत्र हौसेनं घेतलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ भूषण भूगोलाचा शिक्षक होता आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर असायचा. कृत्रिम किडनी दर वर्षी पुढच्या वर्षी येणार होती. दरम्यान हेमांगीची किडनी त्याला जुळली. जूनमध्ये ती रुग्णालयात गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं उत्तम आहे. वजनाचं तेवढं खिडकीवर विचारा." खिडकीतल्या माणसानं तिला काट्यावर उभं केलं. एकोणऐंशी किलो सहाशे. मग त्यानं भिंतीवरच्या तक्त्यावर फूटपट्टी ठेवली, तिची उंची शोधली, पट्टी आडवी सरकवली आणि म्हणाला, "पंचाहत्तर. वर चालत नाही."

"आणि उतरलं नाही तर?"

"पाठराखीण घ्या. तीच दर सोमवारी आकडा पाठवते आम्हाला. पंचाहत्तरच्या खाली आलं की तारीख. आणि तिनं 'प्रतिसाद थांबला' असा शेरा पाठवला, की दात्याची फाइल बंद. मग पेशंट सर्वसाधारण यादीत."

"सर्वसाधारण यादी केवढी आहे?"

त्या माणसानं पट्टी खाली ठेवली. "माझ्या मेव्हण्याला सहा वर्षं झाली," तो म्हणाला.

पहिले सहा आठवडे छान गेले. हेमांगी पहाटे मेहरूण तलावाला वळसा घालायची. संध्याकाळी जिना चढायची, उतरायची. शेव घरातून हद्दपार झाली. नवरा ती ऑफिसात खायचा आणि मिशा पुसून घरी यायचा. जुलैच्या मध्यावर काटा शहात्तर किलो आठशेवर आला.

आणि थांबला.

पहिल्या सोमवारी पाठराखीण म्हणाली, "हरकत नाही. शरीर पाणी धरून ठेवतं कधीकधी."

तिसऱ्या सोमवारी म्हणाली, "स्नायू वाढले असणार. स्नायू जड असतात."

पाचव्या सोमवारी तिनं शास्त्र सांगितलं. अन्न कमी झालं की शरीर घाबरतं. दुष्काळ आला असं समजून काटकसर करायला लागतं. तेवढ्याच कामाला कमी इंधन जाळतं, झोपेत कमी जाळतं, नुसतं बसल्या बसल्या हलणारा पायही हलवायचा बंद करतं.

"म्हणजे मी जेवढं वाचवते, तेवढं तेही वाचवतं," हेमांगी म्हणाली.

"अगदी बरोबर."

"घराण्यातच आहे ते आमच्या."

गणपतीत एकवीस मोदकांपैकी एकही तिनं तोंडात घातला नाही. शहात्तर किलो आठशे. भाकरी एकीची अर्धी झाली, तलावाचे वळसे दोन झाले. शहात्तर किलो आठशे. आठव्या सोमवारी पाठराखीण म्हणाली, "वजन हा शेवटी एक आकडा आहे."

"खिडकीतल्या माणसाला आकडाच हवाय, बाई."

दहाव्या सोमवारी ती नुसती "हं" म्हणाली.

आणि अकराव्या आठवड्यात एका पहाटे, हेमांगी बुटाची नाडी बांधत असताना, कानामागून आवाज आला, "चालायला जायचंय का? नाही, विचारलं आपलं."

त्या दिवशी तलावाच्या अर्ध्या वळशापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "हेमांगीताई, एक विचारू? तुम्ही का चालता?"

"भूषणसाठी. तुला माहीत नाही का?"

"ते माहीत आहे. पण उपयोग?"

हेमांगी थांबली नाही. धाप लागली होती, तरी बोलली. "आमच्या खात्यात बांधावर दोन भाऊ काठ्या घेऊन उभे असतात. मोजणी कशीही आली तरी भांडणारच असतात. म्हणून काही आपण मोजायचं सोडत नाही."

"मग भांडण मिटतं का?"

"नाही."

"बघा," पाठराखीण म्हणाली.

हेमांगीनं कंपनीला फोन लावला. पलीकडे ऋतुजा नावाची एक गोड मुलगी होती.

"मॅडम, यंत्रात बिघाड नाही. ती अनुभवातून शिकते, हेच तिचं वैशिष्ट्य आहे. तिच्याकडे चार हजार वाक्यं होती. अकरा आठवड्यांत एकाचाही उपयोग झाला नाही, म्हणून सगळी बाद झाली."

"म्हणजे ती निराश झालीय."

"आम्ही तसं म्हणत नाही. आम्ही म्हणतो, ती अनुभवी झालीय."

"मग आता?"

"तिची आठवण पुसून पहिल्यापासून सुरू करता येईल. पण मग तुमचा आधीचा सगळा हिशेब जाईल आणि रुग्णालयाला तुम्ही नव्या उमेदवार दिसाल. नाहीतर..." ऋतुजानं काहीतरी वाचलं. "असंच चाललं तर तीन आठवड्यांनी ती 'प्रतिसाद थांबला' असा शेरा पाठवेल. आपोआप जातो तो. तुम्हाला शुभेच्छा, मॅडम!"

त्या रविवारी हेमांगी भूषणकडे गेली. तो पलंगावर उशीला टेकून वह्या तपासत होता. आजारपणात त्याचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं, तलावाला एकही वळसा न घालता.

"ये ताई," तो म्हणाला. "जाड झालीस."

"मेल्या, शहात्तर आठशे आहे."

"अजून? बाकी काही नाही तर याला सातत्य म्हणतात. मला दे त्यातलं चार किलो, दोघांचं काम होईल."

तिनं पाठराखीण कानामागून काढली, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावली, दार लोटलं आणि मग त्याला सगळं सांगितलं. चार हजार वाक्यं, तीन आठवडे, शेरा. सांगताना तिचा आवाज एकदाच हलला, सर्वसाधारण यादीपाशी. भूषणनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "तिला एकदा जिंकू दे ना."

"कुणाला?"

"तुझ्या पाठराखिणीला. वजन करताना दाराच्या चौकटीला हलकासा हात टेकव. काटा जरा खाली येईल. तिला वाटेल, आपल्या बोलण्याचा गुण आला. हुरूप येईल."

"खोटी मोजणी? मी? सव्वीस वर्षांत वीतभर बांध इकडचा तिकडे केला नाही मी."

"मला कावीळ झाली होती तेव्हा तू कॅरममध्ये रोज हरायचीस."

हेमांगीनं त्याच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"राणी भोकाच्या तोंडाशी असताना तू स्ट्रायकर उलटीकडे मारायचीस, ताई. मला कावीळ झाली होती, मी आंधळा नव्हतो झालो." त्यानं वही मिटली. "पण बरं वाटायचं. हरतेय तर हरू दे म्हणायचो. भूक पण लागायची मग."

सोमवारी पहाटे हेमांगी काट्यावर उभी राहिली. उजव्या हाताची दोन बोटं तिनं चौकटीवर टेकवली आणि दाबली. शहात्तर किलो दोनशे.



"हेमांगीताई!"

"काय गं?"

"सहाशे ग्रॅम! मी काल तुम्हाला काय म्हणाले होते?"

"काही नाही म्हणालीस."

"त्याचाच गुण! आता आज जास्त नाही बोलणार. चला, बूट घाला."

यंत्र पुन्हा माणसात आलं. चार हजार बाद वाक्यांपैकी काही परत आली, काही नवी सुचली. तलावावर ती झाडांची नावं विचारायची, जिन्यात पायऱ्या मोजताना मुद्दाम चुकायची म्हणजे हेमांगी तिला दुरुस्त करत आणखी दहा चढायची. हेमांगीलाही बरं वाटायला लागलं आणि बरं वाटल्याबद्दल वाईट. पुढच्या सोमवारी चौकटीवर चार बोटं टेकली. पंचाहत्तर किलो पाचशे. तिला वाटत होतं, या हुरुपात खरा काटा मागून खाली येईल आणि खोट्याला गाठेल. म्हणून रोज रात्री पाठराखीण चार्जिंगला लागली की ती हात न टेकवता पुन्हा काट्यावर उभी राहायची. शहात्तर किलो आठशे.

तिसऱ्या सोमवारी तिनं अख्खा तळवा टेकवला. तिला एवढा दाबायचा नव्हता, पण रविवारी भूषणचा फोन आला होता. बोलता बोलता त्याला धाप लागली होती आणि त्यानं एकही टोमणा मारला नव्हता. चौऱ्याहत्तर किलो नऊशे.

"पोचलो!" पाठराखीण म्हणाली. "पाठवला आकडा. पाठवला!"

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचा निरोप आला. दाता पात्र. अंतिम तपासणी गुरुवारी.

गुरुवारी हेमांगीनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. हातातल्या पाटल्या, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं घरी ठेवलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत काटा मधोमध होता, जुना, लोखंडी. त्याच्या कुठल्याच बाजूला चौकट नव्हती. ती उभी राहिली. दोन्ही हात मोकळे लोंबत होते. कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"शहात्तर किलो आठशे," परिचारिका म्हणाली.

 कानामागून अगदी हळू आवाज आला, "हेमांगीताई, चौकट?"

"हो."

"कधीपासून?"

"तू खचलीस तेव्हापासून."

"बरं," पाठराखीण म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तरी आपण चाललो मात्र खरं."

हेमांगी काट्यावरून उतरली आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसली. मोजणीच्या अहवालासारखं सगळं क्रमानं सांगितलं. दोन बोटं, चार बोटं, तळवा. भावाचा यात दोष नाही, असंही सांगितलं. ते खोटं होतं, पण तेवढंच. "फाइल बंद करू नका," ती म्हणाली. "मला आणखी एक महिना द्या. मी यंत्राशिवाय चालेन. तशीही मीच चालत होते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "तुम्हाला पंचाहत्तर कुणी सांगितलं?"

"खिडकीवर. भिंतीवर तक्ता आहे."

"तो जुना. मर्यादा बदलली मार्चमध्ये. नवा तक्ता खिडकीला पाठवलाय."

"भिंतीवर तोच आहे अजून."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलून खिडकीला विचारलं. ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. "तो लॅमिनेट केलेला आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून काढला नाही म्हणे. नवा ड्रॉवरमध्ये आहे." त्यांनी फाइलवर सही केली आणि ती परिचारिकेकडे दिली. "सोमवारी दाखल व्हा. भावालाही सांगा. पाच महिने उशीर झालाय तसा, पण चालेल. तुमच्या उंचीला आता ऐंशीपर्यंत चालतं."

हेमांगी जूनमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिचं वजन एकोणऐंशी किलो सहाशे होतं.